जिथली वस्तू तिथं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. मी समुपदेशनाची नोकरी धरली तेव्हा आई म्हणाली होती, "विंचवाला फुंकर घालायला बसवलं म्हणायचं." तरी परभणीतल्या आमच्या महिला समुपदेशन केंद्रात मी अजून टिकून आहे. माझ्यापेक्षा कितीतरी शांत माणसं आली आणि बदली करून घेऊन गेली. मला वाटतं, या कामाला थोडा राग लागतोच. नाहीतर रोज जे कानावर पडतं त्यानं माणूस एक तर रडका होतो, नाही तर निबर.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. नवऱ्यानं पाय मोडलेली बाई जिना चढून वर येते, मग आम्ही तिला पाणी देतो आणि काय झालं ते विचारतो. या जिन्याबद्दल वर कळवलं की विषय विचाराधीन असल्याचं उत्तर येतं. सरकारनं 'दिव्यांग' हा शब्द आणला, चांगलंच केलं. पण कागदावर दिव्यांग झालेली बाई दारात उभी राहिली की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ती आंधळी, लंगडी नाही तर मुकीच दिसते.

ती आली तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते. तिचा भाऊ तिचा दंड धरून तिला वर ओढत होता. गंगाखेडकडं साखर कारखान्यात कामाला असलेला, मनानं भला पण घाईचा माणूस. चार-दोन पायऱ्या झाल्यावर तिनं त्याचा हात सोडवला, आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "तू हो पुढं. मी येते तुझ्या मागं." मग दोघंही न अडखळता वर आले. चाळिशीच्या आतली बाई. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीची डबी, तिच्यात इष्टलिंग. एका कोपराला जुनी खपली होती आणि भुवईवर नवे टाके.

मानवतला तिच्या नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान आणि दुकानाच्या मागं घर. लग्न झालं तेव्हा तिला चांगलं दिसत होतं. काचबिंदू आहे हे कळायला उशीर झाला. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरनं सांगितल्यावर ती रडत बसली नाही, तिनं घर पाठ करायला घेतलं. "भर दुपारी डोळे मिटून भाकरी करायची मी," ती म्हणाली. "आत्याबाई म्हणायच्या, झोपेत थापायलीस का गं? पर दिसायचं बंद झालं त्या दिवशी घर माझ्या हाताला ठावं होतं." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

पुढं बरीच वर्षं नीट गेली. मूल नव्हतं. मग नवऱ्याच्या मनात दुसऱ्या लग्नाचं आलं. आंधळ्या बायकोला घराबाहेर काढलं तर समाजात आणि बाजारात तोंड दाखवायची पंचाईत. तिनंच आपल्या पायानं माहेरी जावं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. हा माणूस दारू पीत नव्हता, शिवी देत नव्हता, त्यानं बायकोवर कधी हात उगारला नाही. तो फक्त घरातल्या वस्तू हलवायला लागला.

पाण्याचा रांजण कोपऱ्यातून हातभर पुढं. न्हाणीच्या दारात पालथी बादली. भिंतीतल्या फडताळाचं दार बरोबर कपाळाच्या उंचीला उघडं. भाकरीचा तापलेला तवा तिचा हात टेकतो नेमका तिथं. कपडे वाळत घालायची दोरी एके दिवशी गळ्याशी आली. ती पडली की तो धावत यायचा, उचलायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचा, "अगं, जरा जपून चालत जा की."

भावानं तिला आधी एका पोलीस ठाण्यात नेलं होतं. तिथं विचारलं, मारतो का? नाही. उपाशी ठेवतो का? नाही. मग तक्रार काय? ती म्हणाली, "वस्तू हलवितेत." तिथले दोघंतिघं हसले. घर म्हटलं की वस्तू हलणारच ताई, असं सांगून त्यांनी भावाला बाहेर चहा पाजला आणि आमच्याकडं धाडून दिलं. हे ऐकताना माझी कानशिलं तापली. हसणाऱ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या चहाचा.

"इतके दिवस सोसलंत, मग आत्ताच का आलात?" मी विचारलं.

"सकाळी आंघोळ झाली की मी पूजेला बसते," ती म्हणाली. "लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. उजव्या अंगाला पाण्याचा तांब्या, त्याच्या पुढं भस्माची डबी, बेलाचं पान. माझ्यासारखीला ते सोपंच हाय, सगळं हातावरच. परवा भस्माची डबी उचलली तर आत मीठ निघालं. मला जिभेवर पडल्यावर कळलं. पडले झडले त्याचं न्हाई वाटलं, ताई. देवाला बसल्यावर तरी न्हाई करू." मग तिनं गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. "घरात आता हेच तेवढं जागेवर हाय. हे कुणाला हलवता येत न्हाई."

मी फोन उचलला. आपल्या कामाची रीत ठरलेली असते: बाई संकटात आहे, तिला घरातून काढा, सुरक्षित ठिकाणी पोचवा. एका महिला आश्रयगृहाच्या बाई म्हणाल्या, आणा की, पण त्यांच्या सोबत कायम कुणीतरी राहणारं पाहिजे, आमच्याकडं माणूस नाही. मी म्हटलं, सोबत कायम राहणारं माणूस असतं तर तिला आश्रय कशाला लागला असता? त्यांनी नियम सांगितला. अंधांच्या एका वसतिगृहात फोन लावला, ते म्हणाले, आम्ही फक्त शाळकरी मुली घेतो, आणि नवरा-बायकोची भानगड तर अजिबात नको. इकडं आड, तिकडं विहीर. फोन इतक्या जोरात आपटला की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली.

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "तुमी कुणाला फोन लावायलाव?"

"तुमची राहायची सोय करतेय."

"मला कुठंच जायचं न्हाई. माहेरी न्हाई, आश्रमात न्हाई. नव्या जागी मी खरीच आंधळी होईन. भिंत कुठं, दार कुठं, संडास कुठं, सगळं कुणाला तरी विचारायचं. माझं घर हाय की. मला ते व्हतं तसं पायजे."

भाऊ कळवळून म्हणाला, "अक्का, माझ्या घरी काय कमी हाय तुला?"

"तुझं घर तुझ्या बायकोला ठावं हाय," ती म्हणाली. "मला न्हाई."

इतकी साधी गोष्ट तिला आम्हाला समजावून सांगावी लागली. तिला नवऱ्याला तुरुंगात धाडायचं नव्हतं, पोटगी मागायची नव्हती. राहत्या घरात न पडता चालता यावं, एवढंच तिला हवं होतं. मिळालं नसतं तर ती एक तर कुठल्यातरी परक्या खोलीच्या कोपऱ्यात बसून राहिली असती, नाही तर त्या घरात एक दिवस डोकं फुटून मेली असती आणि लोकांनी हळहळून म्हटलं असतं, दिसत नव्हतं बिचारीला.

पुढच्या आठवड्यात आम्ही मानवतला गेलो. संरक्षण अधिकारी सर, एक महिला पोलीस, मी आणि तिचा भाऊ. आम्ही येणार हे रीतीप्रमाणे आधी कळवलेलं होतं. मला ते पटलं नव्हतं. कळवून गेलं की घर लग्नघरासारखं नीटनेटकं सापडतं. आणि तसंच झालं. रांजण कोपऱ्यात, फडताळ बंद, दोरी उंच, न्हाणीतली बादली उताणी आणि भरलेली. नवरा हात जोडून दारात उभा. "या साहेब, या मॅडम. आपलंच घर समजा."

आता आपल्याकडं कुणाच्या घरात चपला घालून कोण जातं? पोलीसबाईंनीही बूट काढले. चौघांची पायताणं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, फरशीवर, जशी पायातून निघाली तशी पडली. आम्ही सतरंजीवर जाऊन बसलो. आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून आली, हात मोकळे, चाल सरळ, ओळखीच्या घरात डोळस बाई चालेल तशी. उंबऱ्यापाशी तिचा पाय सरांच्या जाड चपलेवर पडला, दुसरा पोलीसबाईंच्या बुटात अडकला आणि ती धाडदिशी आपटली.

नवरा जागचा हलला नाही. दोन्ही हात वर करून म्हणाला, "बघा साहेब. तुमच्या डोळ्यांदेखत. मी हात लावला का? रोज हेच. हिच्या हाती घर देणं म्हणजे आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय."

सर माझ्याकडं बघायला लागले. माझी तर मातीत तोंड खुपसावं अशी गत झाली. तिला तिच्या घरात पाडणारे त्या दिवशी आम्ही होतो, आणि त्याला आयता पुरावा मिळाला होता.

ती उठून बसली. कोपर चोळलं, पदर सारखा केला आणि आधी नवऱ्याला म्हणाली, "मी दळलेलं पीठ आजवर कुत्र्यानं न्हाई खाल्लं. तुमीच खाल्लंय." मग हातानं फरशी चाचपून म्हणाली, "चौघं जण आलाव न्हाई का? चार जोड हायत. तेवढ्या चपला भाईर ठेवा ताई. अन् बसा. मी च्या आणते."

मी चपला उचलल्या. दोन्ही हातांत आठ पायताणं घेऊन मी बाहेर गेले आणि पायरीच्या कडेला ओळीनं मांडली. परत येऊन बसले तर ती आत चहा ठेवत होती. स्वयंपाकघराचं दार आमच्या समोरच होतं. रांजणातून तांब्या भरून घेतला, काडी पेटवली, आधण ठेवलं, साखरेचा डबा वरच्या फळीवरून काढला. दूध उतू जायच्या आत, नुसत्या आवाजावर, तिनं गॅस बारीक केला. माझं दूध रोज उतू जातं. मग कपांचं ताट घेऊन ती दोन उंबरे ओलांडून आली, एकेकाच्या पुढं कप धरत गेली. थेंब सांडला नाही. नवऱ्यालाही दिला. तो मात्र घामाघूम झाला होता.

कारण आता सगळ्यांनाच दिसत होतं. आमच्या डोळ्यांत धूळ फेकावी म्हणून त्यानं सकाळी उठून सगळं जागच्या जागी ठेवलं होतं, आणि सगळं जागच्या जागी असल्यावर त्याची बायको कशालाच धडकत नव्हती. जी एकच वस्तू नव्यानं आली होती, आमच्या चपला, तिच्यावर ती पडली होती. चोरानं स्वतःच दिवा लावून दिला.

सर तसे कागदी माणूस, पण ते उठले आणि रांजणापाशी जाऊन उकिडवे बसले. मीही गेले. मानवतचं बोअरचं पाणी खारं. शहाबादी फरशीवर रांजणाच्या बुडाचं पांढरं कडं उमटलं होतं. एक नाही. कोपऱ्यात एक जुनं, जाड. त्याच्या पुढं दुसरं, मग चालायच्या वाटेवर तिसरं. सरांनी मोबाईलनं फोटो काढले.

"हे कसं काय हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"धुताना सरकतो कदी कदी."

तेव्हा सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या भिंतीशी बसून वाती वळत होत्या, त्या आहेत हेही आम्ही विसरलो होतो. त्यांनी मान वर केली नाही. "दोरी म्या दोनदा वर बांधली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या बारीला माझा हात पुरंना."

मुलगा ओरडला, "आई, तू गप बस."

"गपच व्हते," त्या म्हणाल्या. "काय करू माय, म्हातारपणी मला ह्याच्याच हातचं खायचंय."

त्या बाईचा मला राग यायला हवा होता, सुनेला पडताना बघत बसली म्हणून. आला नाही. मनगटं काडीसारखी झालेली, आणि मुलानं वर बघितलं की वात हातातून सुटत होती. त्या घरात नजर असूनही भिंत धरून चालणारी बाई तीच होती.

कोर्टात फार तमाशा झाला नाही. नवऱ्याच्या वकिलानं बायकोची फार काळजी वाहिली. तिच्या सुरक्षेसाठी तिला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवावं, खर्च द्यायला अशील तयार आहे, वगैरे. इतकं गोड बोलला की क्षणभर मलाही वाटलं, काय वाईट आहे? मॅजिस्ट्रेट बाई होत्या. त्यांनी फरशीवरच्या कड्यांचे फोटो पाहिले, सासूबाईंचं दोरीबद्दलचं तेवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं. मग तिला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय? आदेशात मी काय लिहू?"

ती म्हणाली, "जिथली वस्तू तिथं. एवढंच लिवा."

आदेश थोडा लांब झाला, कोर्टाची भाषा ती. नवऱ्यानं दुकानाच्या माडीवर राहावं. घरात यायचं तर आवाज देऊन यावं. घरातली कोणतीही वस्तू तिला सांगितल्याशिवाय हलवू नये. दुकानातून सासू-सुनेचा किराणा पोचता करावा. वकील बारीक हसला, म्हणाला, असा आदेश कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, आता ऐकलात ना. सरांनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा मी गप्प झाले.

त्यानंतर आमच्या केंद्रात मी फार कटकटी झाले आहे, असं सगळे म्हणतात. बाकं जिथं ठेवली तिथंच राहतात. कुणी खुर्ची ओढून तशीच सोडली की मी नावानिशी हाक मारते. दारातल्या चपलांसाठी कडेला मांडणी करून घेतली. मागं एक बोलता-ऐकता न येणारी मुलगी आली, तिच्या खुणा सांगायला म्हणून नणंदच सोबत आलेली. सासरच्या तक्रारीला सासरचीच दुभाषी. नणंदेला मी खाली चहाला पाठवलं आणि मूकबधिर शाळेतल्या एका शिक्षिकेला मोबाईलवर समोर बसवलं. मुलगी अर्धा तास हातांनी बोलत होती. जिना तेवढा अजून आहे तिथंच आहे. कुणाला जिना चढता आला नाही तर आम्ही खाली जाऊन बसतो, पायरीवर, टेबलाशिवाय.

मानवतला मी गेल्या उन्हाळ्यात गेले, न कळवता. नवऱ्यानं काही हलवलं तर नाही, एवढंच बघायचं होतं. यावेळी चपला मुद्दाम बाहेर, पायरीच्या पलीकडं, अगदी भिंतीला लावून काढल्या. आतून तिनं विचारलं, "ताई का?" माझी खोकण्याची सवय तिनं ओळखली होती.

घर शांत होतं. रांजण कोपऱ्यातल्या जुन्या कड्यावर बसलेला. पुढची दोन कडी कुणीतरी घासून काढली होती, तरी पुसट दिसत होती. सासूबाई सांगत होत्या, तो दुकानातून येतो तेव्हा दारातून खाकरतो, आणि परवा साखरेचं पोतं ठेवलं तेव्हा माडीवरून ओरडून जागा सांगितली. मनापासून की कोर्टाच्या भीतीनं, ते मी विचारलं नाही. मध्येच ती, बेलाची पानं कुंडीतून आणते, म्हणून बाहेर जाऊन आली. चहा झाला, लाडू झाला, मी उठले.

बाहेर आले तर एकच चप्पल. दुसरी नाही. पायरीखाली बघितलं, कुंडीमागं बघितलं. ऊन टाळूवर आलेलं, फरशी तव्यासारखी, मी एका पायावर. एसटीची वेळ झालेली. माझा पारा चढला. कुत्र्यानं नेली असणार, या गल्लीत कुत्री फार, दोन दिवसांपूर्वी घेतलेली चप्पल, असं काहीबाही मी मोठ्यानं बोलत सुटले. आत सासूबाई पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या.

ती दाराशी आली. पाठीमागचा हात पुढं केला. हातात माझी चप्पल होती. ती खाली वाकली आणि माझ्या पायाच्या नेमकी समोर तिनं ती ठेवली.

"एक चप्पल घडीभर सापडंना तर एवढ्या तापलाव, ताई," ती म्हणाली. "मला माझं घर सापडत न्हवतं."